घरचं आयएनआर मशीन बरोबर दाखवतंय का, हे कसं ताडून बघायचं

आईच्या हृदयातला मायट्रल व्हाल्व (झडप) बदलून धातूचा बसवला तेव्हापासून आमच्या फोंड्याच्या घरात दोन गोष्टी कायमच्या आल्या. रात्री पंखा बंद केला की तिच्या छातीतून ऐकू येणारी बारीक टिकटिक, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा पीटी आयएनआरचा आकडा (जितका जास्त तितकं रक्त पातळ). टिकटिकीची सवय लवकर झाली. आकड्याची व्हायला वेळ लागला, कारण तो घरच्या मशीनवर एक यायचा आणि लॅबच्या कागदावर दुसरा, आणि त्यातला खरा कुठला हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

पहिल्याच पावसाळ्यात सकाळी सहाला मशीनवर ४.४ आला. चार दिवसांपूर्वीच्या लॅबच्या रिपोर्टात २.९ होता. आम्ही घाबरलो आणि कोणाला न विचारता दोन रात्री रक्त पातळ ठेवायची गोळी बंद ठेवली, मग लॅबमध्ये रक्त दिलं तर १.७, म्हणजे रक्त लवकर गोठणारं, धातूच्या मायट्रल व्हाल्वला सरळ धोक्याचा आकडा. डॉक्टर ओरडले नाहीत, एवढंच विचारलं, "बाय, मशीन चुकलं, बोट चुकलं, की रिपोर्टच जुना होता, ते बघितलंस?" मी यातलं काहीच बघितलं नव्हतं. त्यानंतर मी हे सगळं शिकत गेले, आईचं मशीन कितीदा तरी लॅबशी ताडून बघितलं, आणि आता वाळपईच्या मावशीकडे, शेजारच्या काकांकडे नवीन मशीन आलं की पहिला फोन मलाच येतो, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

यातली मुख्य गोष्ट आधीच सांगते. दोन आकडे जुळले नाहीत की आपण लगेच मशीनला खोटं ठरवतो, पण बऱ्याच वेळा तुलनाच चुकीची झालेली असते. वेगळा दिवस, वेगळी वेळ, थंड बोट, अर्धवट भरलेली ट्यूब. तुलना नीट झाली तरच मशीनबद्दल काहीतरी कळतं.

मशीन कोणासाठी आहे

वॉरफरिन किंवा एसिनोकुमारॉल (आपल्याकडे बरेच जण एसिट्रॉम म्हणून ओळखतात ती) या गोळ्या घेणाऱ्यांसाठी. या गोळ्या रक्त गोठायला लागणाऱ्या व्हिटॅमिन के चं काम अडवतात आणि किती अडवलं ते आयएनआरवर कळतं. अपिक्साबान, रिव्हरॉक्साबान, डॅबिगाट्रान या नव्या गोळ्या चालू असतील तर हे मशीन तुमच्यासाठी नाही, तिथे आकडा आला तरी त्याला अर्थ नसतो, उलट उगाच फसवतो. लिव्हरच्या आजारात डॉक्टर पीटी आयएनआर करायला सांगतात तेही या मशीनचं काम नव्हे, ते लॅबमध्येच करा.

काही माणसांच्या रक्तातच अशी गोष्ट असते की मशीन गडबडतं. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम किंवा ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट असं रिपोर्टवर कधी लिहून आलं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारल्याशिवाय घरच्या आकड्यावर जाऊ नका, तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. दुसरं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती. उदाहरणार्थ कोआगुचेक एक्सएस या मशीनला तो २५ ते ५५ टक्क्यांच्या मध्ये लागतो. सीबीसीच्या रिपोर्टात पीसीव्ही म्हणून लिहिलेलं असतं ते हेच. ढोबळ हिशोब असा की हिमोग्लोबिनला तीनने गुणलं की साधारण तेवढा येतो, म्हणजे हिमोग्लोबिन ८ च्या आसपास घसरलं असेल तर तुम्ही अगदी काठावर आहात. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू येतो, त्यात रक्त घट्ट होऊन हिमॅटोक्रिट वर जातो आणि प्लेटलेट पडतात, अशा तापात मशीन कपाटात ठेवायचं आणि सरळ लॅब गाठायची. हेपरिनची (रक्त गोठू न देणारी) इंजेक्शनं चालू असतील तर माहितीपत्रकात किती हेपरिनपर्यंत चालतं ते दिलेलं असतं, ते डॉक्टरांना दाखवा.

आकडा येतो कुठून

हे दोन मिनिटं समजून घ्या, पुढचं सगळं सोपं जातं. लॅबमध्ये रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पेशी सोडून उरलेला पातळ भाग, वेगळा काढून त्यात थ्रोम्बोप्लास्टिन नावाचा पदार्थ टाकतात आणि गोठायला किती सेकंद लागले ते मोजतात. हा पीटी. पण प्रत्येक कंपनीचा थ्रोम्बोप्लास्टिन वेगळा, एकाने १८ सेकंदात गोठतं तर दुसऱ्याने २५. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये आयएनआर ही पद्धत आणली. पेशंटचे सेकंद भागिले निरोगी माणसांचे सरासरी सेकंद, आणि येईल त्याचा आयएसआय इतका घात. आयएसआय हा त्या रसायनाच्या बॅचचा आकडा, १ च्या जवळ असला तर उत्तम.

समजा पेशंटचे ३६ सेकंद, निरोगी १२ सेकंद, भागाकार ३. आयएसआय १.० असेल तर आयएनआर ३.०. तेच सेकंद धरून कोणी चुकून आयएसआय १.४ घातला तर आयएनआर होतो ४.७! रक्त तेच, सेकंद तेच, आणि फक्त कॉम्प्युटरमध्ये जुन्या बॅचचा आकडा राहिला म्हणून माणूस गोळी बंद करून बसेल. सांगायचा मुद्दा, लॅबचा कागद म्हणजे देवाचा कौल नव्हे, तिथेही चूक होऊ शकते, आणि आकडा जितका वर तितकी ती फुगत जाते.

मशीनमध्ये काय होतं तर रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्टीवरच थ्रोम्बोप्लास्टिन सुकवलेला असतो. बोटातलं अख्खं रक्त, प्लाझ्मा वेगळा न काढता, त्यात मिसळतं, गोठण्याची क्रिया सुरू झाली की बऱ्याच मशीनमध्ये विजेचा बारीक सिग्नल उठतो आणि मशीन त्यावरून आयएनआर काढतं. दोन्हीकडे पद्धत वेगळी, रसायन वेगळं, त्यामुळे दशांशापर्यंत आकडा जुळेल ही अपेक्षाच ठेवू नका. २.७ आणि २.९ हे या कामात सारखेच धरायचे.

आधी मशीन आणि पट्ट्या तपासा

लॅबला पैसे देण्याआधी घरातल्या घरात होणाऱ्या गोष्टी उरकून घ्या. मशीनची तारीख आणि वेळ बरोबर आहे का बघा, कारण बॅटरी बदलल्यावर ती चुकू शकते आणि मग मशीन चांगल्या पट्टीला एक्सपायर म्हणतं किंवा त्याहून वाईट, एक्सपायर झालेलीला चांगली समजतं. पट्ट्यांच्या डबीबरोबर कोड चिप येत असेल तर चिपवरचा नंबर आणि डबीवरचा नंबर एकच हवा. जुन्या डबीची चिप मशीनमध्ये तशीच राहिली असं आमच्याकडेही झालंय. पट्टी घालायची जागा स्वच्छ आणि कोरडी, तिथे वाळलेलं रक्त असेल तर माहितीपत्रकात सांगितलंय तसंच पुसा, स्वतःची स्पिरिट-सॅनिटायझरची प्रयोगशाळा काढू नका.

पट्ट्यांचं मात्र गोव्यात खास बघावं लागतं. बऱ्याच पट्ट्यांना २ ते ३० अंश चालतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पत्र्याखालच्या खोलीत किंवा बंद गाडीत काय होतं ते सांगायला नको. मडगावला लग्नाला गेलो आणि पट्ट्या गाडीत राहिल्या, तर त्या पट्ट्या मी पुन्हा वापरणार नाही, कितीही महाग असल्या तरी. फ्रिजमध्ये ठेवल्या असतील तर बंद डबी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची आणि मगच उघडायची, नाहीतर आपल्या दमट हवेत आत लगेच दव धरतं. पावसाळ्यात तर हवाच ओली, त्यामुळे पट्टी काढली की झाकण त्या क्षणी बंद, फोनवर बोलत उघडी डबी टेबलावर नाही. एक्सएसची पट्टी डबीतून काढल्यावर दहा मिनिटांत वापरायची असते. मशीन स्वतःही ठराविक तापमानातच चालतं, एक्सएसला १८ ते ३२ अंश लागतात, म्हणून मे मध्ये आम्ही टेस्ट सकाळीच करतो.

पट्टीची स्वतःची एक चाचणी असते. काही कंपन्यांच्या पट्टीतच ती बसवलेली असते, उष्णतेने किंवा दमटपणाने पट्टी खराब झाली असेल तर मशीन आकडाच देत नाही, चूक दाखवतं. काहींना बाटलीतलं कंट्रोल द्रावण वेगळं मिळतं, त्याचा आकडा बाटलीवर छापलेल्या हद्दीत यावा लागतो. ही चाचणी पास झाली म्हणजे पट्टी ठीक आहे एवढंच कळतं. थेंब तुम्ही नीट घेतला का, हे ती सांगत नाही. इथे खूप जणांचा गैरसमज असतो, "मशीनने ओके दाखवलं म्हणजे आकडा बरोबर", तर तसं नाहीये.

पट्टी चांगली सांभाळली तरी अख्खा लॉटच (एका बॅचच्या सगळ्या पट्ट्या) चुकीचा निघू शकतो हेही लक्षात ठेवा. २०१८ मध्ये कोआगुचेकच्या पट्ट्या कंपनीने परत मागवल्या आणि अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याने) ते प्रकरण सगळ्यात गंभीर वर्गात टाकलं, कारण ४.५ च्या वरचे आकडे लॅबपेक्षा जास्त येत होते. त्या पट्ट्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या नव्या संदर्भ-पदार्थाशी जुळवल्या होत्या, तिथे घोळ झाला. त्याच्या आधी आयएनरेशियो नावाचं मशीन होतं, त्यात उलटा प्रकार, लॅबपेक्षा खूप कमी आकडे यायचे, म्हणजे रक्त जास्त पातळ असताना सगळं ठीक दिसायचं. ते २०१६ मध्ये बाजारातून काढून घेतलं. हे घाबरवायला सांगत नाहीये. एवढ्या मोठ्या कंपन्यांच्या पट्ट्या चुकू शकतात तर आपण लॉट नंबर लिहून ठेवणं आणि अधूनमधून लॅबशी ताडणं हे वेडेपणाचं नाही एवढंच. पट्ट्या नेहमीच्या, खात्रीच्या औषधवाल्याकडूनच घ्या. ऑनलाईन कोणा अनोळखी विक्रेत्याकडून, चिप नसलेल्या किंवा सील फोडलेल्या, स्वस्त मिळाल्या तरी नको.

बोट

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त चुका इथेच, आणि त्या ४.४ च्या सकाळीही इथेच झाली असणार. बाहेर धो धो पाऊस, आईने थंड पाण्याने हात धुतले, बोट गार, रक्त येईना, म्हणून मी बोट चांगलं दाबून दाबून पिळलं. पिळल्यावर रक्ताबरोबर त्वचेखालचं पाणी आणि पेशींमधला मसाला पण बाहेर येतो, त्यात थ्रोम्बोप्लास्टिनसारखाच पदार्थ असतो, मग आकड्याचा भरवसा राहत नाही.

बरोबर पद्धत अशी. कोमट पाणी आणि साबणाने हात धुवायचे आणि पूर्ण, अगदी नखांच्या कडांपर्यंत, कोरडे करायचे, कारण पाण्याचा थेंब रक्तात मिसळला तरी आकडा बदलतो. स्पिरिट लावलं असेल तर ते सुकल्याशिवाय टोचू नका. हात मिनिटभर खाली सोडून ठेवा, तळव्यापासून बोटाकडे हळू चोळा. मधलं किंवा अनामिका, टोकाच्या बाजूला, नखाच्या अगदी जवळ नाही आणि बोटाच्या मधोमध पण नाही. शुगर तपासायची बारीक सुई बऱ्याच वेळा पुरत नाही, थेंब मोठा लागतो, म्हणून मशीनबरोबरचीच सुई किंवा टोचायच्या पेनची खोली एक घर वाढवून घ्या.

पट्टी आधीच मशीनमध्ये घालून, मशीन सपाट टेबलावर ठेवून, ते रक्त मागायला लागल्यावरच टोचा. एक्सएसला कमीत कमी ८ मायक्रोलिटर थेंब लागतो आणि टोचल्यापासून १५ सेकंदांच्या आत, पहिलाच थेंब. तेवढ्यात झालं नाही तर रक्त बोटावरच गोठायला सुरुवात झालेली असते, मग तेच बोट पुसून पुढे नको, नवीन बोट आणि नवीन पट्टी. कमी पडलं म्हणून वरून दुसरा थेंब तर कधीच नको. वेगळ्या कंपनीचं मशीन असेल तर थेंबाचं प्रमाण आणि वेळ त्याच्या माहितीपत्रकातून घ्या, सगळ्यांचं सारखं नसतं. आणि एक सांगते, मोजणी चालू असताना मशीन उचलून "आलं का, आलं का" करत हलवू नका, मिनिटभराचाच प्रश्न असतो.

हात बसलाय का हे बघायला एक दिवस दोन पट्ट्या खर्च करा. एका हाताच्या बोटातून एक, दुसऱ्या हातातून लगेच दुसरी. २.८ आणि ३.० आले, ठीक आहे. २.४ आणि ३.३ आले तर लॅबशी तुलना करायला जाऊच नका, आधी थेंब घ्यायची पद्धत सुधारा. पट्टी महाग आहे हे मलाही कळतं, पण या दोन पट्ट्या वाया जात नाहीत.

लॅब कुठली

कायम एकच लॅब. आज फोंड्यात, पुढच्या महिन्यात पणजीत, मग म्हापशाला बहिणीकडे गेलो म्हणून तिथे, असं केलं तर तुम्ही मशीन नाही, तीन लॅब एकमेकींशी ताडून बघताय. एनएबीएल (लॅबची गुणवत्ता तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली असेल तर चांगलं. त्यांना तीन गोष्टी विचारा: रिपोर्टवर आयएसआय छापता का, बाहेरच्या गुणवत्ता तपासणीत भाग घेता का (वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलची अशी योजना आहे, तिथून नमुने येतात आणि सगळ्या लॅबचे निकाल ताडले जातात), आणि रक्त इथेच तपासता की दुसरीकडे पाठवता. विचारायला लाजू नका. चांगल्या लॅबवाल्याला असे प्रश्न आवडतात. आमचा टेक्निशियन तर आता आईला बघितलं की आधी विचारतो, "मावशी, मशीन आणलंत का?"

ट्यूब निळ्या टोपणाची, त्यात ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. म्हणून ट्यूब खुणेपर्यंत भरणं फार महत्त्वाचं. शीर सापडत नाही म्हणून अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त पडतं आणि आयएनआर खोटा वाढून येतो. तुमच्या डोळ्यांसमोर ट्यूब अर्धी राहिली तर नम्रपणे दुसरी भरायला सांगा. भरल्यावर ती हलक्या हाताने तीन-चार वेळा उलटी-सुलटी करायची, कॉकटेलसारखी हलवायची नाही. सॅम्पल बाहेर जाणार असेल तर बर्फात नको, थंडीने गोठण्याचे घटक जागे होतात आणि आकडा बदलतो. साध्या खोलीच्या तापमानाला पीटीचं सॅम्पल चोवीस तास टिकतं, पण भर उन्हात मोटरसायकलच्या डिकीत फिरणारी ट्यूब म्हणजे खोलीचं तापमान नव्हे, त्यामुळे गाडी कधी निघते ते विचारून त्याच्या थोडं आधी रक्त द्या.

ताडून बघायचा दिवस

दिवस शांत निवडा. गेल्या आठवडाभरात गोळीचा डोस बदललेला नाही, नवीन अँटिबायोटिक नाही, जुलाब-ताप नाही आणि आयएनआर साधारण हद्दीत आहे असा. चवथीच्या (गणपतीच्या) दिवसांत तर नकोच, खाणं बदलतं, भाज्या बदलतात, औषधाच्या वेळा चुकतात. तांबडी भाजी, मेथी, शेवग्याची पानं यांत व्हिटॅमिन के भरपूर, ती एकदम वाढली की आयएनआर खरोखर खाली येतो. मेट्रोनिडॅझॉल किंवा कोट्रायमॉक्साझोलसारखी औषधं चालू झाली की खरोखर वर जातो. तो बदल रक्तात झालेला असतो, त्याचं खापर मशीनवर फोडण्यात अर्थ नाही.

मशीन, पट्ट्या, सुया, कापूस, वही असं सगळं घेऊन लॅबमध्ये जा. घरी सकाळी मशीनवर आणि दुपारी बसने जाऊन लॅबमध्ये, असं करू नका. एसिनोकुमारॉल घेणाऱ्यांना तर हे जास्तच लागू, कारण ती गोळी शरीरात अर्धी व्हायला आठ ते अकरा तास लागतात, वॉरफरिनला दीड दिवसाच्या आसपास. म्हणजे एसिनोकुमारॉलवर एकाच दिवसात सकाळ-संध्याकाळचा आकडा वेगळा असू शकतो. लॅबमध्ये पोचल्यावर दहा मिनिटं बसा, हात गरम करा, एका हातातून शिरेचं रक्त देऊन झालं की दुसऱ्या हाताच्या बोटातून लगेच मशीनची टेस्ट. दोन्ही पंधरा मिनिटांच्या आत. बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) फॉलोअपला जात असाल आणि तिथे रक्त काढणारच असतील तर मशीन बरोबर न्या, वेगळा हेलपाटा वाचतो. सुईने काढलेल्या सायट्रेटच्या ट्यूबमधला थेंब मात्र पट्टीवर घालून बघू नका, सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं त्यामुळे तो आकडा निरर्थक.

मशीनचा आकडा आला की लगेच वहीत उतरवा. लॅबचा रिपोर्ट आल्यावर मशीनचा आकडा "साधारण तीनच होता" असं आठवून लिहिलं की मन नकळत जुळवून टाकतं.

वजाबाकी

मशीन वजा लॅब. मशीन ३.१, लॅब २.७, फरक अधिक ०.४. टक्क्यात हवा तर ०.४ भागिले २.७, साधारण १५ टक्के.

किती फरक चालतो? या मशीनसाठी आयएसओ १७५९३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २००७ च्या आवृत्तीत असं होतं की आयएनआर २ च्या खाली असेल तर फरक ०.५ च्या आत, आणि २ ते ४.५ मध्ये ३० टक्क्यांच्या आत, असं शंभरातल्या नव्वद वेळा तरी यायला हवं. कंपनीने मशीन विकायला ही हद्द ठीक, पण घरच्या माणसाला मला ती ढिली वाटते. ३.० ला ३० टक्के म्हणजे ०.९, आणि मायट्रलच्या धातूच्या व्हाल्वला साधारण २.५ ते ३.५ एवढीच जागा असते, म्हणजे सगळी हद्दच त्या फरकात गेली. म्हणून आम्ही डॉक्टरांशी बोलून साधा नियम ठेवलाय: आकडा हद्दीत असताना फरक ०.५ पर्यंत चालेल, त्याच्यावर गेला की थांबून कारण शोधायचं. ४ च्या वर मशीन आणि लॅब तसेही एकमेकांपासून लांब जातात, तिथे ताडत बसायचं नाही, तो आकडा लॅबकडून पक्का करून डॉक्टरांना कळवायचा.

एका जोडीवरून (एकाच वेळचा मशीनचा आणि लॅबचा आकडा) काही ठरवू नका. निदान पाच जोड्या हव्यात, आणि त्या बघायच्या कशा ते सांगते. समजा फरक असे आले: अधिक ०.२, अधिक ०.४, अधिक ०.१, अधिक ०.५, अधिक ०.३. सरासरी अधिक ०.३. हे मशीन सतत थोडं वर दाखवतंय, पण एका चालीने, त्यामुळे डॉक्टरांना सांगून वापरता येतं. आता दुसरं बघा: अधिक ०.६, वजा ०.५, अधिक ०.१, वजा ०.७, अधिक ०.५. सरासरी काढली तर शून्य! कागदावर सगळ्यात अचूक मशीन, आणि प्रत्यक्षात उद्याचा आकडा कुठे पडेल याचा भरवसा नाही. मला कोणी विचारलं तर मी पहिलं मशीन घेईन, दुसऱ्याच्या बाबतीत बोट, पट्ट्या, लॅब सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासीन. सरासरी काढून खूश व्हायच्या आधी प्रत्येक फरक समोर मांडून बघा.

आणि मशीन ०.३ जास्त दाखवतं म्हणून स्वतःच ०.३ वजा करून डोस ठरवू नका. हा फरक सगळीकडे सारखा राहतो असं नाही, २ ला एक आणि ३.५ ला दुसरा असू शकतो. वही डॉक्टरांसमोर ठेवा, ठरवू दे त्यांना.

०.५ च्या वर फरक आला तर

त्याच दिवशी गोळीला हात लावायचा नाही, डॉक्टरांना दोन्ही आकडे सांगायचे. मग क्रमाने: नवीन पट्टी, दुसरं बोट, पुन्हा मशीनवर. आकडा लॅबकडे सरकला तर पहिला थेंब चुकला होता. नाही सरकला तर लॅबला फोन करून त्याच सॅम्पलवर पुन्हा पीटी लावायला सांगा आणि ट्यूब नीट भरली होती का विचारा. तरीही तसंच असेल तर दुसऱ्या दिवशी नव्याने जोडी घ्या, आणि शक्य असेल तर एकाच वेळी दोन निळ्या ट्यूब भरून दोन लॅबना द्या. दोन्ही लॅब एकमेकींशी जुळल्या आणि मशीन एकटंच बाहेर पडलं तर पट्ट्यांचा लॉट बदलून बघा, आणि मग कंपनीकडे लॉट नंबरसह तक्रार करा. दोन लॅबच आपसात जुळत नसतील तर मशीनचा दोष अजून सिद्ध झालेला नाही. वाळपईच्या मावशीच्या वेळी नेमकं हेच निघालं, मशीन परत करायला निघालेली ती, आणि फरक होता रक्त घ्यायच्या वेळेत, घरी सकाळी सातला टोचायची आणि लॅबला संध्याकाळी जायची.

तुलना-बिलना बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल गाठायच्या वेळा वेगळ्या. डोक्याला मार लागला, काळी शी होतेय, लघवीत रक्त, नाकातलं रक्त थांबत नाहीये, हात-तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, अचानक दम लागला किंवा व्हाल्वची टिकटिक ऐकू येईनाशी झाली, तर मशीनवर काहीही आकडा असो, १०८ लावा.

पुन्हा कधी

नवीन मशीन आलं की पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत तीन जोड्या (वर म्हटलेल्या पाचातल्या उरलेल्या पुढच्या वेळांना पुऱ्या होतात). नंतर सगळं सुरळीत असेल तर तीन ते सहा महिन्यांनी एक, आम्ही दर चार महिन्यांनी करतो, फॉलोअपच्या तारखेला जोडून. त्याशिवाय पट्ट्यांचा नवीन लॉट उघडला, मशीन हातातून पडलं, भिजलं, किंवा दोन-तीनदा असा आकडा आला की ज्याचं कारण जेवणात, औषधात, आजारपणात कुठेच सापडत नाही, तर वाट न बघता एक जोडी घ्या.

वही साधी दोनशे पानी. तारीख आणि वेळ, मशीनचा आकडा, लॅबचा आकडा, फरक, पट्टीचा लॉट नंबर आणि एक्सपायरी, त्या आठवड्यातला डोस, आणि शेवटचा रकाना "वेगळं काही" म्हणून, तिथे ताप, अँटिबायोटिक, उपास, प्रवास जे असेल ते. आईचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं, म्हणून आता ती स्वतःच लिहिते. गेल्या वेळची ओळ मशीन २.९, लॅब २.७, फरक अधिक ०.२, आणि शेवटच्या रकान्यात तिने लिहिलंय, "हात गरम होते."